भिंगारचं नेक्टरीन

६ फेब्रुवारी १९७२, सकाळी ९
परसात नेक्टरीन लावलं! मेजरसाहेब कुलूहून सुटी संपवून आले, त्यांनी गोणपाटात गुंडाळून कलम आणलं आणि मला दिलं. ऑफिसात सतरा कारकून, दिलं मला. काही पाहिलं असेल म्हणूनच ना! नेक्टरीन म्हणजे लव नसलेला पीच, असं साहेब म्हणाले. पीच मी पाहिलेला नाही. झाडाला फळायला थंडी लागते म्हणे. बघू. अख्ख्या नगर जिल्ह्यात हे झाड नाही. इथली माणसं जन्मभर बोरं चघळतात आणि बिया रस्त्यावर थुंकतात. शी!
दोन वर्षांत फळ. हिला सांगितलं. दमयंती म्हणाली, मग धुणं वाळत कुठे घालू? हिची झेप दोरीपर्यंत.

५ मार्च
कोंब फुटले. मेसचा माळी भिमाजी बघायला आला. खोडावर वीतभर उंचीवर एक गाठ आहे, ती दाखवून म्हणाला, सायेब, हिच्या खाली फुटंल ते खुडून टाका, वरचं तेवढं जपा. मी मान हलवली. मॅट्रिकला गणितात त्र्याहत्तर मार्क मिळवलेल्या माणसाला माळ्याने शिकवावं, काय दिवस आले आहेत.

२१ मे
ऊन. पानांवर मावा. बोटाने चिरडला, हिरवं चिकट पाणी आलं. खोडातून डिंक गळतो आहे, शेंबडासारखा. जेवण गेलं नाही. तंबाखूचं पाणी फवारलं. झाड आजारी असताना ऑफिसात लक्ष कसं लागणार? रजा टाकली.

१८ जून
एका पुस्तकात वाचलं, मासळीचं खत उत्तम. आमच्या सात पिढ्यांत घरात मासळी आली नव्हती. सायन्ससाठी मी आणली. बाजारातून बादलीभर मुंडकी, नाकाला उपरणं बांधून. मुळाशी पुरली.

१९ जून
मांजरांनी सगळं उकरलं. एक मुंडकं तुळशीवृंदावनात, डोळे उघडे. दमयंतीने अंगण सारवलं, आंघोळ केली, पुन्हा सारवलं, पुन्हा आंघोळ केली. बायकांना प्रोग्रेस नको असतो.

२७ ऑगस्ट
पावसाचा पत्ता नाही. नळ एक दिवसाआड, अर्धा तास, तेही गढूळ. निश्चय: झाडाला रोज दोन बादल्या, काही झालं तरी. मी आंघोळ तांब्यावर आणली आहे. अंगाला वास येतो. हेडक्लार्कने खुर्ची लांब सरकवली. सरकव बाबा! त्याग असा दिसत नाही, वासच येतो त्याचा. दमयंती लांबच्या हौदावरून घागरी आणते. तेवढाच व्यायाम.

८ ऑक्टोबर
दमयंती पुणतांब्याला भावाकडे निघून गेली. म्हणाली, या घरात एक तर ते झाड राहील नाही तर मी. मी म्हणालो, झाडाला चालत कुठे जाता येतं? मुद्दा बिनतोड होता. तिने ट्रंक उचलली.
आठवड्यात येईल. मला पिठलं येतं.

१५ ऑक्टोबर
पिठलं करपलं. आली नाही.

२२ ऑक्टोबर
बेलापूरचे आप्पासाहेब कामासाठी ऑफिसात आले होते. मोसंबीची मोठी बाग आहे त्यांची. झाड जोम धरत नाही म्हटल्यावर म्हणाले, ताण द्या! महिनाभर पाणी तोडा, मुळं उघडी टाका, पानं गळू द्या, मग पाणी सोडा. बहार असा येतो का न्हाई बघा. कोणतं झाड ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फळझाड ते फळझाड.
मुळं उघडली. जूनमधलं एक मुंडकं निघालं. थू!

१९ नोव्हेंबर
यश! झाडून सगळी पानं गळली! दमयंतीला कार्ड टाकलं: ताण उत्तम बसला आहे, चूक कळली असेल तर ये. पाणी सोडलं.

१७ डिसेंबर
काही नाही. नुसती काठी. नखाने खरवडलं, काही कळेना. वाळलं! हे गेलं तर तिला कोणत्या तोंडाने बोलवू? वाळकं छाटल्याशिवाय जोम येत नाही, हे कोणीही सांगेल. करवत आणून सरळ गाठीखालीच चालवली. उरलेल्या बुंध्यात हिरवं दिसलं. गाठही गेली. फार ओंगळ दिसायची.

७ जानेवारी १९७३
कमी काय पडलं ते कळलं. थंडी! बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून मुळाशी पुरली. शेजारची साळूबाई कुंपणावरून म्हणाली, लोकांना प्यायाला पानी न्हाई अन् तुमी बरफ पुरताय व्हय? अशा अडाणी लोकांत राहून नेक्टरीन पिकवायचं आहे मला.

११ मार्च
सात धुमारे! एकेक हातभर! साहेबांच्या कुलूत तरी असा जोम असेल का? कार्ड: झाड फुटले, पहिल्या फळाचा मान तुझा, ये.

२५ मार्च
उत्तर नाही. पोस्टाचा कारभार किळसवाणा आहे.

२९ एप्रिल, दुपारी
मुद्दाम भिमाजीला बोलावून झाड दाखवलं. तो बसला, खोडावरून हात फिरवला. मग म्हणाला, सायेब, कलम तुमी कापून टाकलं. ह्यो गाठीखालचा रानटी खुंट हाय, त्यावर कलम बांधत्यात. थंड मुलखातल्या झाडाची पानं हिवाळ्यात गळत्यातच. ते मेलं नव्हतं, निजलं हुतं.
वर्षभराच्या बादल्या, मुंडकी, बर्फ, सगळं एका रानटी खुंटाला. किळस आली. भिमाजीची, कुलूची, आप्पासाहेबांची. कुदळ घेऊन ते मुळासकट उपटलं. तरीही निश्चय केला. आता घरात झाड नाही, म्हणजे तिची अट पुरी झाली. रविवारी तिला घेऊन येणार.

६ मे
पुणतांब्याला गेलो. मेहुण्याने चहा दिला आणि तो उठून गेला. मी म्हणालो, झाड उपटलं, ट्रंक भर. दमयंती म्हणाली, झाडाचं काय घेऊन बसलात? गेल्या वर्षी मी नऊ दिवस तापाने फणफणत होते. तुम्ही रोज दारातून एवढंच विचारायचात, झाडाला पाणी घातलंस का? साळूबाई पेज आणून देत होती म्हणून उठले. मी म्हणालो, असं कसं होईल, मला आठवत नाही. ती म्हणाली, वही लिहिता ना? त्यात झाडाचा डिंकसुद्धा असेल. घरी जाऊन बघा, माझा ताप आहे का.
संध्याकाळच्या गाडीने परत आलो. एकटाच.

७ मे
ऑफिसला गेलो नाही. वही पहिल्यापासून वाचली. मावा आहे. डिंक आहे. मांजरं आहेत. दोनदा वाचली. नाही.
आता लिहून ठेवतो. दमयंतीला ताप आला होता, नऊ दिवस. तारखेची जागा कोरी सोडली आहे. कोणत्या महिन्यात, ते विचारायचं मला कालही सुचलं नाही.