मॅलो बोलली तर

मी, हेस्टर मॉड अ‍ॅकहर्स्ट, वय शहात्तर, अविवाहित, धंदा खाटकाचा, राहणार नेदरहॉथ, ससेक्स, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या आईला कोणता तुकडा आवडायचा आणि ती तो दर रविवारी कशी करपवायची, तेही सांगितलं. त्यानंतर त्यांनी लगेच सही केली.

याआधी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. या मृत्युपत्राचा अंमल वकील डेसमंड ट्युपेन यांनी करावा. ते भित्रे आहेत, पण लिहिलेलं वाचून दाखवतात आणि मधले शब्द गाळत नाहीत.

कलम १. मला चर्चच्या आवारात उत्तरेच्या भिंतीलगत पुरावं. माझा थोरला भाऊ गार्नेट हा आमच्या शिकारमंडळाचा कप्तान आहे आणि गावात कोणीही मेलं की तो उठून दोन शब्द बोलतो. माझ्या वेळी त्याने बसून राहावं.

कलम २. दुकान आणि त्यावरचं राहतं घर विकावं. येणाऱ्या रकमेतून माझ्या मॅलो या कुत्रीच्या पोटापाण्याची आणि औषधपाण्याची तजवीज करून उरलेलं माझी भाची रोझलिंड, म्हणजे गार्नेटची मुलगी, हिला द्यावं. बँकेत जे आहे ते ससेक्स स्पॅनियल जातीची टाकून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या मंडळींना जावं.

कलम ३. माझ्या सगळ्या सुऱ्या, कुऱ्हाड आणि धार लावायचा दगड रोझलिंडला. तिला ससा सोलता येतो, मी शिकवलं आहे. हाडं काढायच्या बारीक सुरीला मीच धार लावावी असा माझा नियम होता, आता तिने लावावी. रोझलिंड, तुझ्या नवऱ्याला त्या सुरीने चीज कापू देऊ नकोस.

कलम ४. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात कुत्र्याच्या गळ्यातला एक पट्टा आहे. त्याला काळी डबी आहे आणि आतल्या बाजूला दोन बोथट खिळे आहेत. हा पट्टा, नवी बॅटरी घालून, माझा भाऊ गार्नेट याला द्यावा.

इथे वकिलांनी लेखणी थांबवली. "बाई, बॅटरीचा उल्लेख आवश्यक आहे का?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नाही हो, त्याला माहीत आहे. लिहा." पण गावात आता नवी माणसं आली आहेत, त्यांनाही कळलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे वडील वारले तेव्हा शेत गार्नेटला गेलं आणि हॉथचं रान मला आलं. शेत मोठं आणि रान लहान, पण मंडळाचे सगळे फेजंट पक्षी रात्री वस्तीला रानातच येतात, त्यामुळे माझ्या रानाशिवाय त्याची शिकार म्हणजे शेतात फिरायला जाणं. मी चोपन्न वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे शिकारी कुत्रा नव्हता. दुसऱ्यांनी मारलेले पक्षी मी सोलत होते. मग एका हंगामात वाटलं की आपल्या रानात आपलाही एक कुत्रा असावा.

सगळ्यांनी सल्ले दिले. गार्नेटने स्वतःच्या स्प्रिंगर कुत्रीचं पिल्लू फुकट देऊ केलं. पहिला कुत्रा म्हणजे स्प्रिंगर नाहीतर लॅब्रॅडोर, असं इथे सगळेच सांगतात. मी आठवडाभर त्याचं पिल्लू पाहिलं आणि मग हेस्टिंग्जजवळच्या एका बाईकडून ससेक्स स्पॅनियल घेऊन आले. बुटके पाय, जड डोकं, कपाळावर आठी, आणि पिकल्या चेस्टनटसारखा सोनेरी तपकिरी रंग. नाव टीझल.

गार्नेटने तिला अंगणात पाहिलं. "हेस्टर, हा कुत्रा आहे की दारातलं पायपुसणं?"

"पायपुसण्यावर पाय पुसतात. हिच्यावर पुसून बघ."

"अगं, ही जात मेल्यात जमा आहे. अख्ख्या इंग्लंडमध्ये पोतंभर उरली असतील. ती का उरली नाहीत, याचा विचार केलास का?"

मी विचार केला होता. माझ्या रानात काटेरी ब्लॅकबेरीची जाळी कमरेएवढी आहे. लांब पायांचा चपळ कुत्रा तिच्या भोवती नाचतो. ससेक्स खालून आत शिरतो, हळूहळू, आणि आतून बोलतो. बाकी स्पॅनियल काम करताना गप्प असतात, हा मुळात बोलणारा. ससा असला तर एक आवाज, पक्षी असला तर दुसरा. टीझल दोन वर्षांची झाली तेव्हा मी जाळीबाहेर उभी राहून डोळे मिटून सांगायची की आत काय आहे आणि ती कुठे आहे. त्या दोन वर्षांइतकं सुख मला आधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही.

पण शिकारीच्या मैदानात बोलणारा कुत्रा म्हणजे लाज. पक्षी वेळेआधी उठतात आणि पाहुणे हसतात. लंडनहून आलेला एक पाहुणा हसला, आणि गार्नेट मला म्हणाला, "तिचं तोंड बंद कर, नाहीतर तिला आणू नकोस."

"रान माझं आहे. तू नको येऊस."

त्याच शरद ऋतूत माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि टीझलला चार आठवडे त्याच्याकडे ठेवावं लागलं. त्याने तिला एका कुत्री शिकवणाऱ्या माणसाकडे नेऊन हा पट्टा घातला. तिने तोंड उघडलं की झटका. मी घरी आले तेव्हा तो तिला घेऊन आला, अगदी खुशीत. "बघ, आता चर्चच्या पहिल्या रांगेतल्या बाईसारखी बसते. आभार मान माझे." पट्टाही मलाच दिला, पुन्हा लागला तर म्हणून.

मला वाटलं होतं की जाळीत शिरली की तिचं तोंड आपोआप उघडेल.

जानेवारीत, पांढऱ्या कडक गारठ्याच्या दिवशी, ती शिरली. आतून काहीच ऐकू आलं नाही. हाकारे पुढे सरकले. जाळीच्या कडेने एक ससा निसटला आणि गार्नेटने जमिनीलगत बार काढला. जमिनीलगत बार काढायचा नाही, हा नियम तो स्वतः दर सकाळी सगळ्यांना वाचून दाखवतो. ससा निसटला. कोणीतरी ओरडलं, "कप्तान, हुकला!" आणि सगळे हसले.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "टीझल आली का कोणाकडे?"

"येईल गं," तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "आळशी जात आहे ती. कुठेतरी झोपली असेल."

मी हाका मारल्या, आणि हाक मारून थांबायचं, ऐकायचं, असं अंधार पडेपर्यंत केलं. मंडळ घरी गेलं. सकाळी मी कुऱ्हाडीने जाळी तोडत गेले. जिथे टेबल मांडून त्यांनी सॉसेज रोल खाल्ले होते, तिथून हाकेच्या अंतरावर ती होती. मागच्या पायांत आणि पोटात छर्रे. अंगात अजून ऊब होती. म्हणजे ती रात्रभर जिवंत होती, माझ्या हाका तिला ऐकू येत होत्या, आणि तिने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं की काय होतं ते तिला शिकवलेलं होतं.

मी तिला हातात घेऊन गार्नेटच्या दाराशी गेले. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "वाईट झालं. पण मी तुला आधीच सांगितलं होतं, हेस्टर. पहिला कुत्रा म्हणून ही जात घेऊच नये."

या घटनेला एकोणीस वर्षं झाली. तो दर नाताळला फेजंटची जोडी पाठवतो. मी सोलते आणि कोल्ह्यांना घालते.

कलम ५. हॉथचं रान. लोक विचारतात की मी त्याला इतकी वर्षं रान भाड्याने का दिलं. त्याला सवय व्हावी म्हणून दिलं. बाकीची दोन रानं त्याने विकून टाकली, आता त्याची सगळी शिकार, आणि शिकारीच्या पैशावर उभं असलेलं शेत, माझ्या जाळीवर टेकलेलं आहे. त्याला नीट टेकू दिलं, आता काढून घेते.

तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या एका सभासदाने चारचौघांत वेगळं दिसावं म्हणून ससेक्स कुत्री आणली. ती बोलायला लागली, तेव्हा गार्नेटने त्याला तोच उपाय सांगितला. झटक्यांनंतर ती जाळीत शिरेनाशी झाली. रोझलिंड धावत माझ्याकडे आली. "आत्या, उद्या तिला डॉक्टरकडे नेऊन संपवणार आहेत." मी तिला ठेवून घेतलं. हीच मॅलो. ती खाते, झोपते, माझ्या पायांवर डोकं ठेवते. मी तिच्यासाठी सगळं करून पाहिलं. शेपटी दारात चेंगरली तरी तिने आवाज काढला नाही.

सबब माझी इच्छा अशी: माझ्या मृत्यूनंतर मॅलोला गार्नेटच्या घरी चार आठवडे ठेवावं. एक बोलणारी कुत्री मुकी करायला त्याला तेवढीच मुदत लागली होती, आता मुक्या कुत्रीला बोलतं करायलाही तेवढीच मिळेल. मारू नये, उपाशी ठेवू नये, पट्टा घालू नये, जनावरांच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला तिला तपासावं. शेवटच्या दिवशी वकिलांसमक्ष त्याने तिला जाळीपाशी न्यावं. ती आतून एकदा जरी बोलली, तर रान रोझलिंडचं. न बोलली, तर रान शिकारबंदीवाल्या मंडळींना द्यावं. ते तारेचं कुंपण घालतील आणि फाटकावर पाटी लावतील. ती पाटी गार्नेटच्या न्याहारीच्या खिडकीतून दिसेल अशी लावावी.

वकील म्हणाले, "बाई, यात त्या मुलीचा काय दोष?"

काही नाही. रोझलिंड, तुझं नुकसान होणार आहे. तू चांगली पोर आहेस, म्हाताऱ्या आत्याकडे तूच तेवढी यायचीस. मला त्याचं वाईट वाटतं, पण अट बदलावी इतकं वाटत नाही.

कलम ६. निकाल काहीही लागो, मॅलो शेवटी रोझलिंडकडे राहावी. तिला चुलीजवळची जागा आवडते.

या मृत्युपत्राची एक नक्कल गार्नेटला आजच पोचती करावी. मेल्यावर त्याचा चेहरा मला बघायला मिळणार नाही.

सही: हेस्टर मॉड अ‍ॅकहर्स्ट
साक्षीदार: रेव्हरंड ऑबरी विकेन्स, श्रीमती आयव्ही होड, खानावळीच्या मालकीण. साक्षीदारांना कायद्याने काही ठेवता येत नाही. येत असतं तरी ठेवलं नसतं.
नेदरहॉथ, ३ नोव्हेंबर २०१४

पुरवणी

मी, वर नमूद हेस्टर मॉड अ‍ॅकहर्स्ट, त्याच शाबूत बुद्धीने ही पुरवणी जोडते.

नक्कल पोचल्यापासून गार्नेट रोज दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे वाकत नाहीत, भिंत धरून बसायचा. मी दार मॅलोपुरतं उघडं ठेवत होते आणि आत पडद्यामागे बसत होते. त्याने कधी वर पाहिलं नाही. खिशातून चीज काढून पायरीवर ठेवायचा आणि गप्प बसायचा. पहिले काही दिवस ती लांबूनच बघत होती, मग जवळ गेली. ख्रिसमसनंतर ती त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपायला लागली. मला गंमत वाटत होती. म्हटलं, बस थंडीत.

परवा मी त्याचा आवाज ऐकला. तो कुत्रीशी बोलत होता.

"बोल गं बाई. एकदा तरी बोल. मला माहीत होतं तू आत आहेस. टीझल, मला माहीत होतं, तरी मी बार काढला. चुकलं गं माझं."

टीझल म्हणाला तो. मॅलोला त्यातला फरक काय कळणार. तिने डोकं वर केलं आणि ती बोलली. जाडसर, घोगरा आवाज, बऱ्याच दिवसांनी दार उघडावं तसा, आणि मग पुन्हा, मोकळा. पक्ष्याचा आवाज होता तो. मी डोळे मिटून सांगू शकले असते.

माझ्या मांडीवर बसून तीन वर्षं ती बोलली नाही.

गार्नेटने दार ठोठावलं. "हेस्टर! ऐकलंस ना? अगं, ऐकलंस ना तू?" त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. मी पडद्याआडून सगळं पाहत होते. मी दार उघडलं नाही. त्याने चूक कबूल केली ती कुत्रीपाशी. एकोणीस वर्षं मी दाराआड उभी होते, माझ्यापाशी नाही केली.

संध्याकाळी रोझलिंड आली. "आत्या, ती बोलली! बाबा रडतायत गं. आता पुरे ना? अट झाली ना पूर्ण?"

अट पूर्ण झालेली नाही. अट माझ्या मृत्यूनंतरची आहे, आणि जाळीतली आहे. कलम ५ जसंच्या तसं राहील. त्यात एवढीच भर: माझ्या हयातीत गार्नेटने मॅलोच्या जवळ येऊ नये. पायरीवर बसू नये. डॉक्टर म्हणतात माझं हृदय चांगलं आहे, अजून पाचेक वर्षं सहज जातील. तेवढ्यात ती त्याला विसरेल.

कालपासून दाराला कडी आहे. मॅलो कडीखाली नाक लावून बसली होती आणि दुपारच्या वेळेला तिने तोंड उघडलं. मी म्हटलं, "गप्प."

ती गप्प बसली. तेव्हापासून गप्पच आहे.

सही: हेस्टर मॉड अ‍ॅकहर्स्ट
साक्षीदार: श्रीमती आयव्ही होड, वकिलांचे कारकून लायनेल पॅनेट. रेव्हरंड विकेन्स यांनी पुरवणी वाचून सही करायला नकार दिला, याची नोंद असावी.
नेदरहॉथ, २२ जानेवारी २०१५