न घासलेलं मडकं

आदरणीय विहीणबाईंना वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच).

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो असं नातीकडून कळलं. माझा उतरताना कुरकुरतो, म्हणजे दोघी मिळून एक जिना नीट वापरू शकतो. इकडे सगळे ठीक. माझा मुलगा ठीक, तुमची लेक ठीक (तिचा आवाज तर फारच ठीक). पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही दर वाक्याला "हो का, आमच्याकडे तर" म्हणता आणि माझं सांगायचं राहून जातं. कागद मधे बोलत नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, त्यामुळे अक्षराला हसायचं तर एकट्याच हसा, नातीला दाखवू नका. आणि का दाखवायचं नाही ते पुढे कळेल.

तुमची-माझी नात तुमच्या शहरात काय करते, हे तुम्हाला नीट ठाऊक आहे का? तुम्ही चारचौघींत "आमची नात प्रोफेसर होणार" म्हणता, तेवढं पुरे नाही. ती हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचा उकिरडा उपसते. राजे कुठे लढले ते सगळं दगडांवर कोरून ठेवलंय म्हणे, पण साध्या माणसाच्या चुलीवर काय शिजायचं, पोटाला काय महाग पडायचं, घरात आधी कोण जेवायचं आणि उरलंसुरलं कुणाच्या वाट्याला यायचं, हे कुणी कोरलं नाही. (कोरणारे आधी जेवून गेले असणार.) म्हणून ही पोरगी फुटक्या मडक्यांना विचारते. साध्या मातीचं मडकं असतं ना, ते शिजेल ते पितं. तळाशी करपलेलं असतं ते शेवटच्या जेवणाचं, पण अंगात मुरलेलं असतं ते सगळ्या वर्षांचं. हे तिने मला माझ्या स्वयंपाकघरात, फरशीवर मांडी घालून, माझ्याच डब्यातले शेंगदाणे खात सांगितलं. गेल्या वर्षी आली होती तेव्हा. तीन दिवस राहिली.

जाताना एक कोरं मडकं ठेवून गेली. रोज त्यात भरडलेला गहू नुसत्या पाण्यात शिजवायचा. मीठ नाही, काही नाही. नंतर पाण्याने खंगाळायचं, पण घासायचं नाही, साबण नाही, राख नाही. वर्ष झालं की ती येणार, मडकं फोडणार, आणि जुन्या तुकड्यांशी ताडून बघणार. मी म्हटलं, तुमच्या त्या मोठ्या कॉलेजात चूल नाही का? तर म्हणते, "आहे गं, पण तिथे कुणी वर्षभर रोज न चुकता शिजवणार नाही." खरंच होतं, म्हणून मडकं ठेवून घेतलं.

विहीणबाई, भांडं न घासता ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. (तुमच्या घरच्या पातेल्यांवरून म्हणत नाही, उगाच मनाला लावून घ्याल.) दोन महिन्यांत ते मडकं आतून म्हशीच्या पाठीसारखं झालं. एकदा तुमच्या लेकीने घाईघाईत त्यात कांदा परतायला घेतला, मी वेळेवर हात धरला म्हणून शास्त्र वाचलं. "एक कांदा तर होता," म्हणाली. म्हटलं, हजार वर्षांनी तो तुझ्या नावावर निघेल. मग समोरची शिंपीण आली, सुई मागायला. शिंपिणीला सुई कशाला कमी? नाक खुपसायचं होतं घरात. मडक्याकडे बघून हळहळली, "आजी, दिसत नाही का हो आता? मी घासून देऊ?" मी सांगितलं, हे संशोधन आहे. तर ती म्हणते, "न घासलेलं भांडं म्हणजे संशोधन? मग आमच्या जावेकडे विद्यापीठच आहे की!" सगळ्या गल्लीत सांगितलंन. आणि तो बिनमिठाचा गहू खायचा कुणी? अन्न टाकायचं नाही, म्हणून वर्षभर मीच खाल्ला. डॉक्टर म्हणतात वजन वाढलंय. वाढू दे.

दर रविवारी तिचा फोन येतो, तुमच्याच घरून. पहिला प्रश्न, "आजी, मडकं कसं आहे?" दुसरा, "तडा नाही ना गेला?" मग माझी कंबर. मागून तुमची शिट्टी ऐकू येते (कुकरची) आणि मग तुमचा आवाज, "गरम आहे तोवर बस गं जेवायला." की लगेच, "ठेवते हं आजी." मी फोन खाली ठेवते आणि तिच्या चपला झटकते. इथे दारामागे विसरून गेलीय. न वापरलेल्या चपलेत झुरळं होतात, म्हणून.

गेल्या रविवारी म्हणाली, "आजी, आता वर्ष होतंय, पण मला निघता येणार नाही गं. कामं फार आहेत. तूच मडकं फोड, तुकडे फडक्यात गुंडाळ आणि खोक्यात घाल. कुरियरवाला दाराशी येऊन घेऊन जाईल." मी म्हटलं, "बरं." मडकं तुमच्या गावी जाणार, गहू खाल्लेली म्हातारी इथेच.

आणि दुसऱ्याच दिवशी, विहीणबाई, घात झाला. दुपारी भांडी घासायला बसले होते, डोकं भलतीकडे. उभ्या आयुष्याची सवय, हात काही डोक्याला विचारून चालत नाही. भानावर आले तेव्हा मडकं राखेने, साबणाने, काथ्याने लख्ख! शिंपीण दारातच होती, म्हणाली, "बाई, आता कसं शोभतंय!" वर्षभराची मेहनत मोरीतून गेली. मला नातीला हे सांगवत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला वाईट बातमी छान सांगता येते, लग्नाच्या वेळी अनुभव घेतलाय.

घरात सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्या, चढू नका.

तुमची विहीण

ता.क. ती चिडेल, रडेल, "मीच जाऊन बघते" म्हणेल. अडवू नका. रविवारचं जेवण पुढे करून तर मुळीच अडवू नका.

ता.क. दुसरं. मडकं घासलेलं नाही. घासलं ते दुसरं, तसलंच, शिंपिणीला साक्षीला उभं करून. नातीचं मडकं फळीवर टोपलीखाली आहे, अंगावर काळं जसंच्या तसं. हे पोटात ठेवा. एवढं माझ्यासाठी करा, मग तुमच्या पातेल्यांबद्दल जन्मात बोलणार नाही.

ता.क. तिसरं. आता लिहायलाच बसलेय तर हेही. त्या गव्हात मी पहिल्या दिवसापासून रोज लोण्याचा गोळा घालत आलेय. कोरडं अन्न माझ्या हातून कुणाला वाढलं जात नाही, मलासुद्धा. म्हणजे मडकं न घासताही वाया गेलंय आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार, इथे, तिने स्वतः. ओरडली तर विचारेन, हजार वर्षांपूर्वी काय कुठल्याच घरात आजी नव्हती? पण ते समोर बसवून विचारायचं आहे, फोनवर नाही.

ता.क. शेवटचं. तुम्हीही या तिच्याबरोबर. तिला रविवारी तुमच्या हातचं गरम खायची सवय झालीय, ती मोडायला नको. जिना चढताना मी तुम्हाला सांभाळते, उतरताना तुम्ही मला धरा.