घरच्या पोरीला कसला शिक्का

३ मार्च
आले बाई एकदाची या मुलांच्या बागेत नोकरीला! राहायला बागेतल्याच दोन खोल्या मिळाल्या. माझी सात वर्षांची चिमी तर हरखूनच गेलीय. चिखलाचं स्वयंपाकघर, किड्यांचं घर, ओंडक्यांचा पूल आणि मधोमध वेलींचा लांबलचक बोगदा. पोरं या तोंडानं शिरतात, आईबाप त्या तोंडाशी वाट बघतात. माझं काम फाटकावर: येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर हिरव्या पानाचा शिक्का मारायचा. असं गोड काम कुणाला मिळतं!

५ मार्च
माळीकाकांनी बजावलं, चिमीलाही रोज शिक्का मारत जा, बिनशिक्क्याचं मूल बोगदा आपलं समजतो. मला हसूच फुटलं. घरच्या पोरीला कसला शिक्का! म्हातारा जरा सरकलाय.

८ मार्च
दुपारी चिमी बोगद्यात शिरली ती अर्ध्या तासानं बाहेर आली. चांगली फैलावर घेतली. एरवी भोकाड पसरणारी पोर नुसती बघत राहिली. जेवली नाही. कान धुतले तर माती निघतच होती.

९ मार्च
हिची पापणी लवत नाही. सकाळपासून बघतेय. गुडघ्यावरची परवाची ताजी खपली गायब, व्रणसुद्धा नाही. पोटच्या पोरीची भीती वाटतेय, सांगू कुणाला?

१० मार्च
बोगद्याशी झाडत होते. आतून चिमीची हाक आली — आई, मी दमले, ने ना मला. आणि ही माझ्या शेजारी उभी, तोंड मिटून. काकांकडे धावले. म्हणाले, हात दिसला की आधी शिक्का मार, शाई बसली तरच ओढ. त्यांचेच डोळे भरले होते.

११ मार्च, सकाळ
वेलींतून हात आला. शिक्का मारला. शाई ओघळून गेली, घाईत नीट बसला नसेल — ओढलं — आली! माझी सोन्यासारखी पोर! गुडघ्यावर खपली आहे. तीनदा बघितली. आहे.

दुपार
घरातली हसली. पहिल्यांदाच. म्हणाली, हीपण चिमी नाही.
नवीकडे बघितलं. पापणी —
शाई बसलीच नव्हती. मला दिसलं होतं. तरी मी —

हाक अजून येतेय. बारीक झालीय. आले गं राणी, आले —

काका, ही वही सापडली तर — मी आत जातेय. चिमी जिवंत आहे, आतच आहे, तुम्ही तिला —

दोघी दारात उभ्या. वाट सोडत नाहीत.
जवळ आल्या.
दोघींनी माझा हात ध