अडखळण्याची तयारी

२ फेब्रुवारी
इंटरव्ह्यूची मेल आली. एवढी मोठी कंपनी, आणि तिथे इंटर्न म्हणून मी. निवड व्हायचीय अजून, पण ती औपचारिकता. तारीख वीस, घरूनच ऑनलाइन. फक्त तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेतात, म्हणजे संधी एकच. हुकली तर गेल्या वर्षीसारखा अख्खा उन्हाळा मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात. तो विषय संपला.
संकल्प: रोज प्रोग्रॅमिंगचे दहा प्रश्न सोडवायचे. उद्यापासून.

६ फेब्रुवारी
एकूण प्रश्न तीन. पण खोलवर. शिवाय टेबल आवरलं.

९ फेब्रुवारी
सोडवत बसण्यापेक्षा उत्तरं पाठ करणं जास्त शास्त्रशुद्ध. चाळीस करणार.

१३ फेब्रुवारी
बावीस पाठ. मेलमध्ये खाली बारीक अक्षरांत सूचना आहे: प्रश्न आधी पाहिलेला असेल तर सांगा, दुसरा देऊ. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी काही सांगणार नाही.
खरी अडचण वेगळीच. उत्तर धडाधड लिहिलं तर पाठ केलंय हे लगेच कळणार. तेव्हा अडखळायची प्रॅक्टिस हवी. क्रम ठरवला: आधी कपाळाला हात, मग मुद्दाम एक चुकीचा रस्ता, मग ‘अरे हो’, मग बरोबर उत्तर. हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
ताईला समोर बसवून तालीम केली. ती लॅबमध्ये रक्त तपासते, यातलं तिला ओ की ठो कळत नाही. म्हणाली, "येतंय ना? मग सांगून टाक की. दाढ दुखत असल्यासारखा चेहरा कशाला?"
तिला अभिनयातलंही कळत नाही.

१९ फेब्रुवारी
अठ्ठावीस पाठ. पुरेत. बाबा दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. उद्या घरात आवाज होऊ नये, यावर लक्ष ठेवायला त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतलीय.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.४०
वीस मिनिटं उरली. पाणी प्यायलो. परत प्यायलो.

२० फेब्रुवारी, दुपारी
प्रश्न आला: ओळीत उघडलेला प्रत्येक कंस नीट बंद झालाय का, ते तपासणारा प्रोग्रॅम लिहा. माझ्या यादीतला चौथा. झोपेतून उठवून विचारला तरी येणारा.
कपाळाला हात लावला. चुकीचा रस्ता धरला: उघडणारे कंस मोजू, बंद होणारे मोजू, आकडे सारखे आले की झालं. (बंद होणारा कंस आधी आला तरी आकडे जुळतात, म्हणून चूक.) ‘अरे हो’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्क्रीनवरच्या बाई म्हणाल्या, "मोजायची कल्पना चांगली आहे. सध्या एकाच प्रकारचे कंस धरा आणि हीच पूर्ण करा."
ती कल्पना मी टाकून द्यायला निवडली होती. तिच्यापुढचं काहीच पाठ नव्हतं. पस्तीस मिनिटं मोजत बसलो. बाई बिचाऱ्या मदत करत होत्या, आणि त्या बोलल्या की मी आणखी रुतत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, हा प्रश्न आधी पाहिला होता का. नाही म्हणालो.
तरी धडपडीचे गुण मिळतीलच. आठवड्यात कळवणार आहेत.

२६ फेब्रुवारी
नाही म्हणून कळवलं.
बाबांनी विचारलं, प्रश्न फार अवघड होता का. हो म्हणालो. ते शेजारी येऊन बसले. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जे येतच नव्हतं, त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?" मला रडू आलं. त्यांना वाटलं, नकारामुळे.
खोलीत येऊन उत्तर कागदावर लिहून काढलं. अकरा ओळी. चार मिनिटं लागली. एकही चूक नाही. बाबांना दाखवावंसं फार वाटलं, पण आता ते दाखवता येणार नाही.