चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

३ फेब्रुवारी
शाळेच्या नव्या इमारतीचं नळकाम निघालं आहे. बावीस बेसिन, दोन टाक्या. साडूनेही अर्ज केला आहे. सात वर्षं माझ्या हाताखाली राबला आणि गेल्या वर्षी स्वतःची पाटी लावून बसला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, धंद्याचा विमा असेल त्यालाच काम. वीस तारखेपर्यंत सर्टिफिकेट आणा. अजून दोघांकडेही नाही. साडूवर माझा राग नाही. फक्त तो हरलेला बघायचा आहे.

४ फेब्रुवारी, पहाटे
प्रार्थनेत मन लागलं नाही. डोळे मिटले की साडूची पाटी दिसते. तिच्यावरचा नळ माझ्या पाटीवरच्या नळापेक्षा मोठा आहे. संकल्प: सुडाचा विचार सोडणे. देवाच्या काठीला आवाज नसतो.

४ फेब्रुवारी, दुपारी
पण काठी कुणीतरी धरावी लागते. विमा ऑफिसातून फॉर्म आणला.

६ फेब्रुवारी
गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं, उत्तर पूर्ण वाक्यात लिहावं. तीन प्रश्न झाले. शाई संपली.

७ फेब्रुवारी
प्रश्न चौदावा. मागील पाच वर्षांत तुमच्या कामामुळे गिऱ्हाइकांचं नुकसान झालं आहे का? तपशील द्या. अंगावर शहारा आला. प्रश्न माणसाने छापला असेल, विचारला देवाने. साडूही याच ऑफिसात फॉर्म देणार. त्याचे प्रताप तिथे आधीच पोचलेले बरे. खोटं मात्र एक अक्षर लिहायचं नाही.

९ फेब्रुवारी
अकरा प्रसंग झाले. दंतवैद्याच्या छतातून गळती: साडूने जोड सैल ठेवला. वकिलाच्या तळघरात फायली तरंगल्या: साडू. फोटोग्राफरच्या दुकानात गुडघाभर पाणी: त्या दिवशी जोड उघडण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मुख्य कॉक बंद करायचा राहिला. पण साडू शेजारीच उभा होता. त्याने बघायला नको? साडू.
ही म्हणाली, विम्याचा अर्ज आहे की माझ्या बहिणीच्या नवऱ्यावरचं आरोपपत्र? बायकांना सत्य सोसत नाही.

१० फेब्रुवारी
नऊ जादा कागद जोडून फॉर्म दिला. खिडकीतला कारकून म्हणाला, काका, इथे लोक नुसतं 'नाही' लिहितात. मी म्हणालो, लोक देवाला भीत नाहीत. त्याने विचारलं, या सगळ्या वेळी धंदा कुणाच्या नावावर होता? मी ताठ होऊन सांगितलं, पहिल्या दिवसापासून माझ्याच. साडू नुसता हाताखाली. तो म्हणाला, तेवढं लिहून द्या. दिलं. पूर्ण वाक्यात.

१३ फेब्रुवारी
साडू रस्त्यात भेटला. म्हणाला, दादा, तुम्ही चौदाव्यात काय लिहिलंत? माझा धंदा वर्षाचाच, त्यात काही घडलेलं नाही, मी 'नाही' लिहून मोकळा झालो. मला त्याची कीव आली. बिचाऱ्याला काही कल्पना नाही.

१७ फेब्रुवारी
पत्र आलं. पाच वर्षांत अकरा नुकसानी, अर्ज नामंजूर.
ऑफिसात जाऊन जाब विचारला. कारकून म्हणाला, धंदा तुमचा, माणूस तुमच्या हाताखालचा, मग नुकसानी कुणाच्या? तुम्हीच लिहून दिलंय. अक्षर सुंदर आहे, काका. साडूचं सर्टिफिकेट काल निघालं.
संकल्प: हार मानायची नाही. दुसऱ्या कंपनीचा फॉर्म आणला. पहिलाच प्रश्न: यापूर्वी कुणी तुमचा अर्ज नाकारला आहे का? तपशील द्या.

२० फेब्रुवारी
काम साडूला मिळालं. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, खरंच हो, देवाच्या काठीला आवाज नसतो. तुम्हाला बसली तेव्हा मला शेजारी असून ऐकू आली नाही.
संकल्प: साडूचं तोंड या जन्मी बघायचं नाही. फोनही घ्यायचा नाही.

२१ फेब्रुवारी
फोन तिसऱ्या रिंगला घेतला. तोंड दिसत नव्हतं. म्हणाला, बावीस बेसिन एकट्याने होत नाहीत, दादा, तुम्ही या. मी म्हणालो, विचार करून कळवतो. हाताला पंधरा दिवस काम नाही. विचार केला. जावं, आत शिरावं आणि त्याच्या चुका जवळून टिपाव्यात. नवी वही घेतली.

२४ फेब्रुवारी
शाळेत पहिला दिवस. हाताखालच्या माणसांचीही माहिती विमा ऑफिसाला द्यावी लागते. माझा फॉर्म साडूने उभ्या उभ्या भरला. पूर्वीच्या नुकसानी, या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. फोटोग्राफरचं दुकान त्यालाही आठवत असणार. मी खोट्याखाली सही करत नाही. केली.
मग पहिला जोड उघडायला बसलो. डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. माझ्या मागून साडूची पावलं वाजली. जाऊन मुख्य कॉक बंद करून आला.
वहीत आज लिहिण्यासारखं काही नाही.