नानांची कुजबूज आणि माझ्या कानातली रिकीब

ती. अदवोआताईस,

धाकट्या क्वाबेनाचा गावाहून नमस्कार. तुझे गुडघे, मासे धुरवायची भट्टी आणि भावोजींचा खोकला, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. (खोकला कमी असला तर कळवू नकोस, मागे कळवलंस आणि लगेच वाढला.) मी ठणठणीत आहे.

कानांचं तुला ठाऊकच आहे. आपल्याकडे नानांसारख्या गावप्रमुखाने चारचौघांत मोठ्याने बोलायचं नाही. नानांनी कुजबुजायचं आणि मी सोनेरी काठी धरून ते सभेला खणखणीत सांगायचं. आता कुजबूजच पोचेना तर सांगू काय, कपाळ? बरेच दिवस मी नानांच्या भुवया बघून निभावलं. गंमत म्हणजे मक्याच्या गिरणीपाशी मला सगळं लख्ख ऐकू यायचं. (तिथे जो तो ओरडतो, हे डोक्यातच आलं नाही. म्हटलं, जागेचा गुण.) मग नानांना गळ घातली, सभा गिरणीशेजारी भरवू. भला माणूस, भरवली. गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि नानांची कुजबूज नानांनाच ऐकू येईना. शेवटी बांधाच्या भांडणाचा निवाडा त्यांनी आसनावर उभं राहून ओरडून सांगितला, आणि मी तोच पुन्हा ओरडून सांगितला. दोघांच्या डोक्यावर पीठ. माझ्या काठीवर डोळा ठेवून असलेला बोअम्पोंग तर रडेस्तोवर हसला. सभेतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, नव्या कोनफळांच्या सणापर्यंत कान सुधारला नाही तर काठी बोअम्पोंगची. ताई, दुसऱ्याच दिवशी मी शहरातल्या इस्पितळाची वाट धरली.

कुमासीच्या डॉक्टरीणबाईंनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानासमोर धरला. शुकशुकाट. तोच कानामागच्या हाडाला टेकवला तर घणघणाट! म्हणाल्या, कानाच्या पडद्याआड तीन हाडं असतात. पहिलं आवाज दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, आणि घोड्याच्या रिकिबीसारखं ते तिसरं, तांदळाच्या दाण्याहून लहान, हलून तो आत पोचवतं. माझं तिसरं जागीच जखडलंय. ते काढून बारीक दांडी बसवायची. मला चटकन पटलं. तिघेही आमच्याच धंद्यातले, त्यातला शेवटचा दारात अडून बसलाय. (बोअम्पोंगचा नातलग असणार.)

नानांना हे सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली, एक टोक माझ्या कानामागे टेकवलं, दुसऱ्यावर स्वतःची हनुवटी दाबली आणि हळूच बोलले, "क्वाबेना, मला दुसऱ्या तोंडाची सवय नाही. लवकर बरा हो." शब्दन्‌शब्द ऐकू आला. मी रडलो, ताई.

बाकी क्षेम. एवढ्यासाठी टाकोराडीहून येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
क्वाबेना

ता. क. ऑपरेशन शुक्रवारी आहे. भूल फक्त कानापुरती देणार म्हणे. भीती वाटते. ये.

आणखी ता. क. काठी आत नेऊ देत नाहीत. बायकोकडे देता येत नाही, ती दुसऱ्या कुळाची. बोअम्पोंग 'मी धरतो ना' म्हणत दारात येऊन बसेल. तू धर.

शेवटचं. कानातला बोळा निघाला की पहिलं वाक्य तू बोल. पण हळू. तुझी मासळीबाजारातली आरोळी मला आजही ऐकू येते, तिच्यावरून काय कळणार? जन्मात एकदा हळू बोल, ताई.