ओढ्यापलीकडचे थोरले

५ ऑगस्ट
पोचले एकदाची! व्हिएन्तिआनहून बस, मग होडी, मग नुसता चिखल. या खोऱ्यातल्या ढेकणाच्या कुळातल्या, सोंडेने शोषणाऱ्या किड्यांची नोंद करायची, एवढंच काम. खांबांवरचं घर ऐसपैस आहे. घर बुआलोयमावशींचं, त्यांचे यजमान थोंगसायकाका मला रान दाखवणार. जेवायला चिकट भात आणि पाणढेकूण कुटून केलेली चटणी. मावशी म्हणाल्या, पोरी, तू त्यांना टाचणी टोच, आम्ही मिरची लावतो. हसता हसता ठसका लागला.

८ ऑगस्ट
बुंध्यावर मारेकरी ढेकणाचं पिल्लू सापडलं. हे मुंगीत सोंड खुपसतं, आतलं सगळं पातळ करून पितं आणि रिकामं टरफल पाठीवर चिकटवून हिंडतं. बघणाऱ्याला वाटावं, मुंग्याच चालल्यात. काकांना दाखवलं तर ते दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, ओढ्यापलीकडे याचे थोरले असतात. मी म्हटलं, चला की! तर म्हणाले, तू नाही यायचंस, मीच आणून देतो एखादा.

११ ऑगस्ट
काका सकाळी गेलेत. अंधारून आलं, अजून पत्ता नाही. मावशी भात झाकून बसल्यात.

१२ ऑगस्ट
गावातले लोक ओढ्यापर्यंत जाऊन आले. पलीकडे पाऊल टाकायला कुणी तयार नाही.

१३ ऑगस्ट
काका आले! भरदुपारी कुंपणाशी उभे, पाठमोरे, अंगात जाताना घातलेलाच निळा सदरा. हाका मारल्या, वळेनात. मावशी म्हणाल्या, रुसलाय मेला, लग्नापासून हीच खोड. भाताची टोपली घेऊन निघाल्या. मी दुर्बीण लावली. मान चुरगळलेली, पोकळ. पाय जमिनीला टेकलेलेच नव्हते.
मावशींना ओढून आत आणलं, कडी घातली. त्यांनी मला बोचकारलं, नको नको ते बोलल्या.

१४ ऑगस्ट
अजून तिथेच. नाही, जरा जवळ. मावशी रडत नाहीत. सारखं एकच, उपाशी असेल गं तो.

दुपार
माझा डोळा लागला. दार उघडं —
अंगणात भात सांडलाय. मावशी —

आता दोघं. शेजारी शेजारी, पाठमोरे. मावशींचा अंबाडा तसाच. त्याखाली पाठ सुकलेली, कागदासारखी.

शिडी वर ओढून घेतलीय. दिसत नाहीत आता. घराखाली गेले असावेत. खांब हलतोय —

माझ्या पायाशी, फळ्यांच्या फटीतून, काहीतरी बारीक, ओलं, चाचपत —